मांजर स्टेरॉइडवर असताना घरी शुगर तपासायची साधनं: काय घ्यावं, काय टाळावं

दमा, आतड्याची जुनाट सूज, हिरड्यांचा दाह, त्वचेची ॲलर्जी, शरीराने स्वतःच्याच तांबड्या पेशी मारल्यामुळे होणारा ॲनिमिया. यांपैकी कशाचंही निदान झालं की मांजराच्या कागदावर बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लिहिलं जातं. त्याने रक्तातली शुगर वाढू शकते. ते महिनाभर किंवा जास्त चालणार असेल, तर शुगरवर नजर ठेवायचं काम घरच्यांकडे येतं. दर आठवड्याला दवाखान्यात नेणं मांजराला झेपत नाही, आणि तिथे घाबरलेल्या मांजराची शुगर इतकी चढते की आकड्याचा भरवसा राहत नाही.

या परीक्षणात मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची चार ग्लुकोमीटर, प्राण्यांसाठीचं एक, अंगावर चिकटवायचा एक सेन्सर आणि लघवीच्या पट्ट्या घेतल्या आहेत. निकाल आधीच सांगून टाकायचा तर असा: मांजराला मधुमेह झालेला नाही, फक्त स्टेरॉइड चालू आहे, तर काँटूर प्लस हे माणसांचं मीटर आणि लघवीच्या पट्ट्यांची एक डबी एवढ्यावर भागतं. इन्सुलिन सुरू झालं तर अल्फाट्रॅक या प्राण्यांच्या मीटरचा खर्च करावा. मीटरसाठी रक्ताचा थेंब कानातून काढतात. कानाला हातच लावू न देणाऱ्या मांजरासाठी लिब्रे हा चिकटवायचा सेन्सर.

आधी गोळीबद्दल

प्रेडनिसोलोन यकृताला जास्त ग्लुकोज बनवायला लावतं आणि स्नायूंच्या नि चरबीच्या पेशींवर इन्सुलिनचा परिणाम कमी करतं. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून हे भरून काढतं. लठ्ठ, घरातच राहणारा, वयाने मोठा, नसबंदी झालेला बोका असेल तर ही भरपाई लवकर अपुरी पडते. दाह कमी करण्यासाठीचा डोस किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम असतो. प्रतिकारशक्ती दाबायची असेल तेव्हा तो दोन मिलिग्रॅम किंवा त्याहून वर जातो, आणि खरा धोका तिथे आहे. किलोमागे रोज १.९ मिलिग्रॅम किंवा जास्त डोस तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ घेतलेल्या मांजरांचा एक अभ्यास झाला आहे. त्यात साधारण दहातल्या एकाला मधुमेह झाला, आणि बहुतेकांना तो पहिल्या तीन महिन्यांतच झाला. म्हणजे कसून तपासायचा काळ हाच.

औषध कोणतं यावरही बरंच अवलंबून आहे. समान ताकदीच्या डोसला डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड प्रेडनिसोलोनपेक्षा मांजराची शुगर जास्त बिघडवतं. वायसोलोन आणि ओम्नाकॉर्टिल या आपल्याकडच्या गोळ्या प्रेडनिसोलोनच्याच आहेत, आणि मांजरासाठी तेच योग्य, कारण प्रेडनिसोन या जवळच्या नावाच्या औषधाचं प्रेडनिसोलोनमध्ये रूपांतर करणं मांजराच्या शरीराला नीट जमत नाही. डेपो-मेड्रॉलसारखं स्टेरॉइडचं लांबणीचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा परिणाम कित्येक आठवडे राहतो आणि शुगर चढली तरी ते अंगातून काढून घेता येत नाही. दवाखान्यातून निघताना इंजेक्शनचं नाव, मात्रा आणि तारीख लिहून घ्याच. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच असतो.

माणसांचं मीटर मांजराला चालतं का

चालतं, पण त्याची चूक कुठल्या दिशेने होते ते माहीत हवं. माणसाच्या रक्तातलं साधारण ५८ टक्के ग्लुकोज प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात असतं, उरलेलं तांबड्या पेशींत. मांजरात प्लाझ्मातला वाटा सुमारे ९३ टक्के. माणसांचं मीटर माणसाचं प्रमाण गृहीत धरून हिशेब करतं, त्यामुळे मांजराची शुगर ते खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. आकडा वाढत जातो तसा हा फरकही वाढतो. अमुक मिळवा, तमुकने गुणा अशी सूत्रं लोक एकमेकांना सांगत असतात, ती वापरू नका. प्रत्येक मीटरचा आणि प्रत्येक मांजराचा फरक वेगळा असतो.

स्टेरॉइडच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. माणसांच्या मीटरने जास्त दाखवलं तर शुगर खरोखरच जास्त आहे, बहुधा दाखवली त्याहूनही जास्त. पण ‘जरा जास्त’ वाटणारा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. म्हणून सावध व्हायची रेघ खालीच आखायची.

ॲनिमिया असलेल्या मांजरात मात्र चूक उलट्या दिशेला जाते. तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे रिपोर्टमधला पीसीव्ही, फार कमी असेल तर बरीच मीटर खोटी जास्त शुगर दाखवतात. ज्याला ॲनिमियासाठीच स्टेरॉइड चालू आहे, नेमकं त्याच्याच बाबतीत हे घडतं. मीटरच्या माहितीपत्रकात ते किती हेमॅटोक्रिटपर्यंत (पीसीव्हीचंच दुसरं नाव) चालतं हे छापलेलं असतं, तेवढी ओळ खरेदीआधी वाचावी. काँटूर प्लसची मर्यादा ० ते ७० टक्के, ॲक्यू-चेक इन्स्टंटची १० ते ६५, वनटच सिलेक्ट प्लसची ३० ते ५५. निरोगी मांजराचा पीसीव्हीसुद्धा तिशीच्या आसपास असू शकतो. म्हणजे वनटचला इथे काठावरच खेळावं लागतं.

आपल्या मीटरचा फरक काढायची एक खात्रीची पद्धत आहे. रक्ततपासणीसाठी दवाखान्यात जाल तेव्हा मीटर सोबत न्या. डॉक्टरांनी शिरेतून काढलेल्या रक्ताचा एक थेंब सिरिंजमधूनच पट्टीला लावा आणि त्याच रक्ताचा लॅबचा ग्लुकोज रिपोर्ट मागवा. मांजर घाबरलेलं असलं तरी इथे बिघडत नाही, कारण दोन्ही आकडे एकाच क्षणाचे असतात. लॅबला जाणारं रक्त राखाडी झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीत घ्यायला सांगा. साध्या नळीत रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात, तासाला पाच-सात टक्के कमी होतं, आणि मग दोष मीटरला लागतो.

मीटर एकेक करून

काँटूर प्लस. थेंब ०.६ मायक्रोलिटर, म्हणजे बारीक मोहरीएवढा. निकाल पाच सेकंदांत, कोडची चिप नाही. पण मांजरासाठी याला पहिला नंबर द्यायचं कारण वेगळं आहे. रक्त कमी पडलं तर हे मीटर लगेच एरर देऊन पट्टी वाया घालवत नाही. दोनदा बीप करतं, पडद्यावर थेंबाचं चिन्ह लुकलुकतं, आणि त्याच पट्टीला अर्ध्या मिनिटापर्यंत आणखी रक्त लावता येतं. कानातून पहिल्या फटक्यात पुरेसा थेंब क्वचितच येतो. कान हळुवार दाबून दुसरा थेंब काढायला एवढा वेळ पुरतो. पट्टीच्या टोकाशी बारीक खाच असते, ती थेंबाला टेकवली की रक्त आपोआप आत ओढलं जातं. पट्टी वरून दाबायची नाही. बीप नको असेल तर मीटरचा आवाज बंद करता येतो. काही मांजरं त्या आवाजालाच दचकतात.

ॲक्यू-चेक इन्स्टंट. थेंब तेवढाच, ०.६ मायक्रोलिटर. पट्टीची पिवळी कड रुंद आहे आणि कडेवर कुठेही रक्त लावलं तरी चालतं. मांजर मान हलवत असेल तेव्हा या रुंद कडेचा मोठा आधार वाटतो, कारण अचूक नेम धरावा लागत नाही. पट्ट्या तालुक्याच्या गावातही मिळतात, हा दुसरा फायदा. पडद्याशेजारची रंगीत पट्टी मात्र माणसांच्या मर्यादांप्रमाणे बाण दाखवते, तिच्याकडे पाहायचंच नाही. काँटूर मिळत नसेल तर हे निःशंकपणे घ्यावं.

वनटच सिलेक्ट प्लस सिंपल. वापरायला सोपं, पण थेंब एक मायक्रोलिटर लागतो. ऐकताना फरक किरकोळ वाटेल. कानावर तो जवळजवळ दुप्पट रक्त काढण्याइतका आहे. त्यात वर सांगितलेली हेमॅटोक्रिटची अडचण. घरात आजोबांसाठी आधीच असेल तर वापरून पाहायला हरकत नाही, मांजरासाठी म्हणून नवं घेऊ नये.

डॉ. मोरपेन बीजी-०३. थेंब ०.५ मायक्रोलिटर आणि पट्ट्या या सगळ्यांत स्वस्त, बाकीच्यांच्या साधारण निम्म्या किमतीत. नव्याने शिकणाऱ्यांच्या हातून पहिल्या आठवड्यात बऱ्याच पट्ट्या फुकट जातात, त्या दृष्टीने हे मोलाचं. पण रक्त कमी पडलं की पट्टी गेली, दुसरी संधी नाही. सरावासाठी उत्तम, औषधाचा निर्णय ज्या आकड्यावर घ्यायचा त्यासाठी मात्र वरच्या दोहोंपैकी एक हवं.

ॲक्यू-चेक ॲक्टिव्हबद्दल लोक विचारतात, कारण कितीतरी घरांत ते वर्षानुवर्षं आहे. त्याला १ ते २ मायक्रोलिटर रक्त लागतं आणि ते पट्टीच्या वरच्या चौकोनावर ठेवावं लागतं, पट्टी स्वतः ओढून घेत नाही. मांजराच्या कानाशी हा प्रकार जमत नाही.

अल्फाट्रॅक. झोएटिस कंपनीचं, कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेलं. थेंब फक्त ०.३ मायक्रोलिटर, मोजण्याची कक्षा २० ते ७५० मिलिग्रॅम. अल्फाट्रॅक २ मध्ये पट्ट्यांच्या डबीवर मांजराचा आणि कुत्र्याचा असे दोन वेगळे कोड छापलेले असतात. नव्या डबीबरोबर मांजराचा कोड मीटरमध्ये घालायचा. कुत्र्याचा कोड राहून गेला तर आकडा चुकतो आणि पडद्यावर तसं काहीच कळत नाही, म्हणून डबी उघडली की पहिलं काम तेच. अल्फाट्रॅक ३ मध्ये प्राणी निवडायचा, कोडची कटकट नाही. आकडा लॅबच्या जवळ येतो, कमी शुगरच्या बाजूलाही भरवसा ठेवता येतो. अडचण आहे ती आपल्याकडच्या पुरवठ्याची. पट्ट्या आयातीच्या, महाग, आणि एकदा संपल्या की कधी येतील हे दुकानदारही सांगू शकत नाही. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या पेट फार्मसीतून मागवताना मुदत संपायची तारीख फोटोत पाहून मगच पैसे द्या. फक्त स्टेरॉइडची देखरेख करायची तर हा खर्च गरजेचा नाही.

कोणतंही घ्या, उपचार संपेपर्यंत तेच ठेवा. एका आठवड्यात काँटूर, पुढच्यात शेजाऱ्यांचं वनटच, असं केलं तर शुगर वाढली की मीटर बदललं हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. माणसांच्या मीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकही १०० च्या वर पंधरा टक्के आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इतका फरक चालवून घेतं. ११८ नंतर १२९ आलं तर त्याला वाढ म्हणत नाहीत.

कानातून रक्त काढणं

सगळं इथे अडतं. पट्टीच्या कंपनीपेक्षा सुईची जाडी आणि कानाची ऊब जास्त महत्त्वाची.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक. मीटरच्या खोक्यात बहुधा ३० नंबरच्या सुया येतात, त्या माणसाच्या बोटासाठी. न सरावलेल्या कानाला त्यातून नुसता लाल ठिपका दिसतो, थेंब बनत नाही. सुरुवातीला २६ किंवा २८ नंबरच्या सुया वेगळ्या मागून घ्या. दोन-तीन आठवडे त्याच कडेला टोचत गेलं की तिथे बारीक केशवाहिन्या वाढतात आणि मग ३० नंबर पुरतो. सुई टोचायचं पेन वापरायचं की हाताने टोचायचं हे मांजरावर सोडा. पेनच्या ‘टक्’ आवाजाने कान फडकावणारी मांजरं बरीच असतात, त्यांना मोकळ्या सुईनेच टोचलेलं बरं.

कान आधी गरम करायचा. जुन्या मोज्यात मूठभर कोरडे तांदूळ भरून गाठ मारा, मायक्रोवेव्हमध्ये किंवा तव्यावर कोमट करा, स्वतःच्या मनगटावर लावून पाहा, आणि मग एक-दोन मिनिटं कानाला धरा. थंड कानातून रक्त येत नाही, पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी तर मुळीच नाही. कानाच्या केसाळ बाजूला कडेला समांतर जाणारी शीर दिसते. काळ्या मांजरात ती दिसत नाही, मग कानामागून मोबाइलचा टॉर्च धरा. टोचायचं ते शिरेवर नाही, शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. शिरेवरच टोचलं तर रक्त भसकन येतं, केसांत पसरतं आणि कान काळानिळा होतो.

त्या जागी व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे रक्त केसांत न पसरता गोल थेंब धरून राहतं. जास्त लावलं तर व्हॅसलीन पट्टीच्या खाचेत जाऊन बसतं आणि एरर येते. कानाच्या आतल्या बाजूला कापसाची घडी धरा. तिच्यावर कान सपाट बसतो आणि सुई आरपार गेली तर तुमच्या बोटाऐवजी कापसाला लागते. पट्टी आधीच मीटरमध्ये घालून मीटर जागं करून ठेवा. टोचा, दोन सेकंद थांबा, थेंब आला नाही तर शिरेच्या बुंध्याकडून टोचलेल्या जागेकडे बोटाने हलकेच रेटा. थेंब फुगीर दिसला की पट्टी तिरकी धरून तिचं टोक त्याला बाजूने टेकवा. आकडा येईपर्यंत घाई करू नका, पण तो आला की लगेच कापूस धरून अर्धा मिनिट दाबा. हे दाबणं चुकवलं की दुसऱ्या दिवशी तिथे दुखतं आणि पुढच्या वेळी मांजर कान देत नाही.

स्पिरिट लावू नका. त्याने चुरचुरतं, आणि ओलं राहिलं तर थेंबात मिसळून आकडा चुकतो. तुमचे हात मात्र साबणाने धुऊन कोरडे केलेले हवेत. आंबा कापलेलं बोट किंवा गूळ लागलेलं नख थेंबाला लागलं तर शंभराचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही. खाऊ नेहमी तपासणीनंतर लगेच, त्याच जागी, आणि कमी कर्बोदकांचा: उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा सुकं मासळीचं चूर्ण. कान मुळीच देत नसेल तर पुढच्या पायाच्या मागच्या बाजूला, मनगटाशी असलेली छोटी गादी चालते. जमिनीला न टेकणारी ती जागा कमी दुखते. चालायच्या गाद्यांना टोचणं शक्यतो टाळा.

दोनदा टोचून थेंब नाही आला तर त्या वेळेपुरतं थांबा. तिसऱ्या-चौथ्या झटापटीनंतर येणारा आकडा ताणामुळे चढलेला असतो, त्याला किंमत नाही.

पट्ट्या जपणं

कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पट्ट्यांचा खरा शत्रू दमट हवा असते. डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो. झाकण उघडं राहिलं तर तो पहिल्या दिवसातच संपतो. एक पट्टी काढली की लगेच झाकण दाबून बंद करा, मांजर पकडायला नंतर जा. चार पट्ट्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं, जुन्या डबीतल्या पट्ट्या नव्या डबीत ओतणं, हे दोन्ही नको. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात अडचण उष्णतेची. बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांच्या वर ठेवायचं नसतं. पण म्हणून फ्रिजमध्येही ठेवू नका, बाहेर काढल्यावर डबीत दव धरतं. घरातल्या सगळ्यात थंड खोलीतलं कपाट पुरतं. ऑनलाइन मागवलेलं पार्सल मे महिन्याच्या उन्हात दिवसभर गाडीत फिरलेलं असू शकतं. त्या महिन्यांत ओळखीच्या मेडिकलमधूनच घेतलेलं बरं.

आकडा विचित्र आला तर कंट्रोल सोल्यूशन, म्हणजे शुगरचं प्रमाण ठाऊक असलेला पट्टी तपासायचा द्रव, वापरायचं असतं. ते लहान गावांत मिळत नाही. अशा वेळी नवी सुई घेऊन स्वतःच्या बोटावर त्याच डबीतली पट्टी लावून पाहा. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी २१० आलं तर मांजराआधी पट्ट्यांवर संशय घ्या.

लघवीच्या पट्ट्या

हे सगळ्यात स्वस्त साधन आहे आणि त्याचा उपयोग सर्वांत कमी लोक करतात. मांजराच्या मूत्रपिंडातून साखर लघवीत उतरते ती रक्तातली शुगर साधारण २५० ते २९० च्या पुढे गेल्यावर. म्हणजे पट्टीवर साखर दिसली तर मधल्या काही तासांत शुगर बऱ्यापैकी वर होती, एवढं नक्की. पट्टी कोरी राहिली म्हणजे शुगर नॉर्मल असं मात्र नाही. १८० असली तरी पट्टीवर काही दिसणार नाही. प्रवासात, किंवा कानाला टोचणं जमत नाही अशा आठवड्यात आठवड्यातून दोनदा ही पट्टी करत राहावं.

युरिस्टिक्सवर साखर आणि प्रथिनं कळतात, कीटो-डायस्टिक्सवर साखर आणि कीटोन. मिळत असेल तर दुसरीच घ्या, कारण कीटोन (शरीर इंधनासाठी चरबी जाळू लागलं की बनतात ते) दिसले तर ते त्याच दिवशी दवाखाना गाठायचं कारण असतं. रंग वाचायची वेळ घड्याळ लावून पाळा: कीटोन १५ सेकंदांनी, साखर ३० सेकंदांनी. दोन मिनिटांनी पाहिलेला रंग गडद होत जातो आणि उगाच घाबरवतो. लघवी मिळवायला मांजर बसल्यावर मागून उथळ पळी सरकवा, ती पुढे स्वयंपाकात वापरू नका. नाहीतर ट्रेमध्ये नेहमीच्या वाळूऐवजी पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी किंवा धुतलेले बारीक खडे टाका. गोळा होणाऱ्या वाळूतून पट्टी ओली करायचा प्रयत्न व्यर्थ आहे.

लिब्रे सेन्सर

फ्रीस्टाइल लिब्रे हा माणसांचाच सेन्सर, पण बाहेरच्या देशांत आणि आता आपल्याकडेही डॉक्टर तो मांजरांना लावतात. तो रक्तातली नाही, पेशींभोवतालच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे तांबड्या पेशींच्या प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. मानेच्या बाजूला किंवा खांद्यामागे केस काढून, त्वचा पूर्ण कोरडी करून, कडेला टिश्यू ग्लूचे थेंब लावून तो बसवतात. हे काम दवाखान्यातच करून घ्या. तासाभराने आकडे येऊ लागतात. पहिल्या दिवसाचे आकडे हिशेबात धरू नयेत. सेन्सर आठ तासांचीच नोंद ठेवतो, तेव्हा दर आठ तासांच्या आत एकदा तरी फोन किंवा रीडर त्याच्याजवळ न्यायला हवा. नाहीतर मधला तुकडा कायमचा जातो.

कागदावर तो १४ दिवस चालतो. मांजराच्या अंगावर बऱ्याचदा त्याआधीच निघतो, कारण मांजर खाजवतं आणि चाटतं. एका सेन्सरची किंमत पाच हजारांच्या घरात जाते, म्हणून फक्त स्टेरॉइडवर असलेल्या आणि कानाला टोचू देणाऱ्या मांजरासाठी हा पैसा मी घालणार नाही. इन्सुलिन सुरू करताना, किंवा डोस बदलताना दिवसभराचा आलेख हवा असेल तेव्हा मात्र याला तोड नाही. तो ४० ते ५०० एवढंच मोजतो. मांजर सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटा कमी आकडा येतो. मांजर मजेत असताना अचानक ४८ दिसलं तर आधी त्याला उठवा, मग कानावर खात्री करा.

कधी तपासायचं, कोणत्या आकड्याला काय

पहिली गोळी देण्याआधी, शांत घरात, दोन वेगळ्या दिवशी आकडा घेऊन ठेवा. तो नसेल तर नंतरच्या कुठल्याही आकड्याला काही आधार नाही. पुढे पहिला महिना आठवड्यातून एक दिवस, नंतर पंधरवड्यातून, आणि डोस वाढला की पाच-सात दिवसांनी एकदा. त्या दिवशी दोन आकडे: एक सकाळच्या गोळी नि जेवणाआधी, दुसरा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी. फक्त सकाळचाच घेत राहिलात तर दिवसातला चढ हुकू शकतो.

शांत मांजराची शुगर साधारण ७० ते १२० असते. माणसांच्या मीटरवर १३० च्या खाली असेल तर नोंदवून पुढे जा. १३० ते १८० आलं तर दोन-तीन दिवसांत पुन्हा, मांजर निवांत असताना. दोन वेगळ्या दिवशी १८० च्या वर आलं तर डॉक्टरांना फोन. २५० च्या वर आणि सोबत पाणी जास्त पिणं, ट्रे जास्त ओला होणं, खाऊनही वजन उतरणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. उलटी, सुस्ती, खाणं बंद असेल तर आकड्याची वाट पाहू नका. ही चौकट तुमच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून आकडे पक्के करून घ्या, कारण मूळ आजारानुसार ते बदलतात. पाणी जास्त पिणं हे स्टेरॉइडमुळे शुगर नॉर्मल असतानाही होतं, म्हणून नुसत्या त्या लक्षणावर निष्कर्ष काढू नये. शंका राहिलीच तर फ्रुक्टोसामिनची चाचणी आहे. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते आणि दवाखान्यातल्या भीतीने बदलत नाही.

आकडा वाढला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर मांजराच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांजवळच्या) स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतात. गोळी एकदम थांबली तर मांजर कोसळू शकतं. डोस उतरवणं, दम्यासाठी इनहेलरवर जाणं, आतड्याच्या आजारात बुडेसोनाइड या मुख्यतः आतड्यातच काम करणाऱ्या स्टेरॉइडचा विचार, कोरड्या दाण्यांऐवजी ओलं, कमी कर्बोदकांचं अन्न: हे निर्णय डॉक्टरांसोबतचे. अन्न मात्र वाट न पाहता आजपासूनच विचारून बदलायला घेण्यासारखं आहे, कारण बहुतेक कोरड्या खाद्यात कर्बोदकं भरपूर असतात.

इन्सुलिन चालू असेल तर सर्वांत धोक्याचा काळ स्टेरॉइड उतरवण्याचा. गोळी कमी होते तशी इन्सुलिनची गरजही कमी होते, आणि तोच डोस जास्त ठरून शुगर खाली घसरते. त्या आठवड्यांत इन्सुलिन द्यायच्या आधी प्रत्येक वेळी आकडा घ्या. ६० च्या खाली गेलं, किंवा मांजर डगमगायला, भेलकांडायला लागलं तर शुद्धीत असेपर्यंत खायला द्या, नाहीतर हिरड्यांवर मध किंवा घट्ट ग्लुकोजचं पाणी बोटाने चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका आणि दाताजवळ बोट नेऊ नका. तसंच लगेच दवाखान्यात न्या.

गोळी पूर्ण बंद झाल्यावरही महिनाभर दर आठवड्याचा आकडा चालू ठेवा. लांबणीचं इंजेक्शन झालं असेल तर हा महिना इंजेक्शनच्या तारखेपासून न मोजता, त्याचा परिणाम संपायच्या अंदाजापासून, म्हणजे सहा आठवड्यांनंतर मोजायचा.